भाड्याच्या घरातली ओल कुणाची?

मुंबई-ठाण्यात जुलै अर्धा सरला की भाड्याच्या घरांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. भिंतीवर बुरशी दिसताच भाडेकरू घरमालकाला फोटो पाठवतो आणि घरमालक उत्तर देतो, "खिडक्या उघड्या ठेवत जा." दोघांपैकी कुणी खोटे बोलत असतेच असे नाही, कारण काळ्या ठिपक्यांवरून पाणी कुठून आले हे कळत नाही, खर्च कुणाचा, हे मात्र बरेचसे त्यावरच ठरते.

पडद्यावरची ही भिंत पाहा. रंगाला फुगे आले आहेत, गिलावा बोटाने दाबला तर भुसभुशीत लागतो आणि पोपड्यांच्या कडेने पांढरे क्षार फुटले आहेत. हे पाणी भिंतीच्या आतून येते: बाहेरच्या प्लास्टरच्या तड्यांतून, गळक्या पाइपमधून किंवा वरच्या घराच्या बाथरूममधून. आता त्याच घरातला कपाटामागचा हा कोपरा पाहा. इथे प्लास्टर टणक आहे, रंग शाबूत आहे, फक्त वरवर करडी बुरशी धरली आहे, कारण कपाट भिंतीला टेकलेले आहे आणि खोलीत सबंध पावसाळा कपडे वाळत असतात. शंका असेल तर वीतभर प्लास्टिकच्या चारही कडांना चिकटपट्टी लावून ते भिंतीवर दोन दिवस ठेवावे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल बहुधा आतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली.

कपाटामागची बुरशी पुसणे आणि हवा खेळती ठेवणे हे राहणाऱ्याचेच काम आहे. भिंतीतल्या ओलीबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 14 सांगते की, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ शकत नाही.

खरी मेख पुढे आहे. आज शहरात बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घर ठरावीक काळ वापरण्याची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर, दिली जातात, आणि तिथे राहणाऱ्याला आपण भाडेकरू म्हणत असलो तरी कायद्याच्या लेखी तो परवानाधारक असतो. त्यामुळे कलम 14 वर विसंबून परस्पर भाडे कापणे त्याच्या अंगाशी येऊ शकते. त्याचा मुख्य आधार म्हणजे नोंदणी केलेला करार. एजंटच्या छापील मसुद्यात नळ, दिवे, पंखे यांची यादी असते आणि गळतीचा उल्लेख बहुधा नसतो, म्हणून गळतीची दुरुस्ती कुणी व किती दिवसांत करायची हे सहीपूर्वीच लिहून घ्यावे. ताबा घेतानाच भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवले, तर घर सोडताना जुन्या डागांसाठी डिपॉझिट कापले जाण्याला काही आळा बसतो.

अनेक घरमालक "ते सोसायटीचे काम आहे" म्हणून विषय संपवतात. त्यात अर्धे तथ्य आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तर घरातल्या संडास-बाथरूम वा सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या घराच्या मालकाकडे येतो. परंतु सोसायटीचा सभासद घरमालक आहे, तिथे राहणारा नव्हे. त्यामुळे सोसायटीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घेणे आणि पाठपुरावा करणे हे घरमालकानेच करायचे आहे.