रानवाटेवरचे गुरुजी आणि ग्रीनिचचं घड्याळ

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मन, आत्मा आणि आधुनिक मानसशास्त्र'. वेळ दिलाय एक तास. तेव्हा प्रास्ताविकाला फाटा देऊन आपण थेट रानात शिरू.

वात्स्यायनाने गौतमाच्या न्यायसूत्रांवर, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथावर, भाष्य लिहिलं, साधारण पाचव्या शतकात. (कामसूत्रवाला वात्स्यायन वेगळा बरं का. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतली कुजबुज थांबेल.) या भाष्यात एक अध्यापक आहेत. ते रानवाटेने चाललेत. तोंडाने पाठ म्हणणं चालू आहे, हातात कमंडलू, डोळे वाटेवर, कानांवर रानातले आवाज. पोटात भीती आहे, म्हणून कुठे श्वापदाची खूण दिसते का याचा अंदाज घेणं चाललंय. शिवाय जिथे पोचायचं ते ठिकाणही आठवतंय. हे सगळं एकाच वेळी! वात्स्यायनाने हे चित्र विरोधकाच्या तोंडी घातलंय. विरोधक विचारतो, माणसाला एका वेळी एकच ज्ञान होतं असं तुम्ही म्हणता ना, मग या गुरुजींचं काय करायचं?

हा हल्ला ज्या सूत्रावर आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असेल: 'युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्'. डोळे उघडे आहेत, कान उघडे आहेत, नाक उघडं आहे, प्रत्येकासमोर त्याचा विषय हजर आहे, तरी सगळ्यांचं ज्ञान एकदम होत नाही. म्हणजे मध्ये असं काहीतरी असलंच पाहिजे, जे एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. गौतम त्याला मन म्हणतो. ते अणुएवढं आहे असंही म्हणतो, कारण मोठं असतं तर एकाच वेळी सगळ्या इंद्रियांना जाऊन भिडलं असतं.

मग गुरुजींचं उत्तर? अलातचक्र. पेटतं कोलीत गरगर फिरवलं की अंधारात आगीचं अखंड कडं दिसतं. कडं कुठेच नसतं. कोलीत एका वेळी एकाच जागी असतं, वेगामुळे क्रम लक्षात येत नाही इतकंच. गुरुजींचं मनही पाठावरून वाटेवर, वाटेवरून आवाजावर असं धावतंय. पुढे सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने 'मुक्तावली'त हाच मुद्दा आणखी रंगवला. लांबलचक शष्कुली, म्हणजे तळलेला कुरकुरीत पदार्थ, खाताना रंग, वास, चव, स्पर्श, कुरकुर सगळं एकदम जाणवतं. एकाच वेळी अनेक अवधानं सांभाळणारे लोकही असतात. मग त्यांचं कसं, अशी शंका त्याने घेतली. उत्तर तेच. कमळाची शंभर पानं एकावर एक ठेवून सुई खुपसली तर सगळी एकदम भोकसली गेली असं वाटतं. सुई मात्र एकेक पान भेदत गेलेली असते.

अवधानावरून आठवलं. १८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन मुंबईत उतरले, तेव्हा त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी, गाठ पडली. रायचंदभाई शतावधानी, म्हणजे एकाच वेळी शंभर गोष्टींचं अवधान राखणारे, म्हणून प्रसिद्ध. गांधीजींनी आपल्याला येत होते तेवढे युरोपीय भाषांतले शब्द त्यांना ऐकवले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. हे आत्मकथेतच आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, तिथे असता तर म्हणाला असता, शाबास, पण शब्द आत गेले ते एकेकच.

आता मला एक तक्रार मांडायची आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात मी हेच गुरुजी घेऊन गेलो होतो. मानसशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, छान आहे, पण हे तत्त्वज्ञान झालं; मानसशास्त्र १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. त्यांच्यानंतर दुसरे वक्ते उठले आणि म्हणाले, पाश्चात्त्यांनी आज जे शोधलं ते आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. दोघांपैकी एकानेही सूत्र वाचलेलं नव्हतं. एकाला ते वाचायची गरज वाटत नव्हती, कारण त्यात प्रयोग नाही. दुसऱ्याला वाटत नव्हती, कारण त्यात सगळं आहे! मला याचं आजही वाईट वाटतं. आपल्याकडच्या अत्यंत कसलेल्या बुद्धीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या प्रश्नाचा कीस काढला, तो प्रश्न एकाने फेकून दिला आणि दुसऱ्याने देव्हाऱ्यात ठेवला. समजून घ्यायचं दोघांनीही टाळलं.

आणि गंमत अशी की ज्या लाइपझिगचं नाव घेऊन गौतमाला दाराबाहेर उभं केलं जातं, त्या लाइपझिगचा उगमच गौतमाच्या प्रश्नात आहे. ही माझी आवडती हकीकत आहे. जरा सविस्तर सांगतो.

ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजखगोलशास्त्रज्ञ होते आणि डेव्हिड किनेब्रुक त्यांचा सहायक. काम काय, तर तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेला नेमका कधी ओलांडतो याची वेळ नोंदवायची. त्या काळची पद्धत डोळा आणि कान दोन्हींची. कानाने घड्याळाचे सेकंदाचे ठोके मोजायचे, डोळ्याने तारा सरकताना बघायचा. तारेच्या अलीकडे एका ठोक्याला तारा कुठे होता, पलीकडे पुढच्या ठोक्याला कुठे होता, हे मनात धरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने सांगायचा. १७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनच्या नोंदींपेक्षा अर्धा सेकंद उशिराच्या यायला लागल्या. त्याला समज दिली गेली. फरक कमी होण्याऐवजी वाढला, पुढच्या जानेवारीत ०.८ सेकंदावर गेला. १७९६ मध्ये त्याला कामावरून काढून टाकलं.

त्या माणसाने काहीही कसूर केली नव्हती! जवळजवळ वीस वर्षांनी क्योनिग्सबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात हे प्रकरण आलं आणि त्याने वेगवेगळ्या खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी ताडून पाहिल्या. फरक सगळ्यांतच निघाला. ठोका ऐकणं आणि तारा पाहणं या दोन गोष्टी जुळवताना प्रत्येकाचा आपापला वेळ जातो. याला पुढे 'वैयक्तिक समीकरण' म्हणू लागले. १८६१ मध्ये वुंटने हाच पेच घड्याळावर बसवला. लंबक हलतोय, एका जागी घंटी वाजते. घंटी वाजली तेव्हा लंबक कुठे होता ते सांगायचं. स्वतःवरच प्रयोग केला तर नजर नेहमी चुकायची, सुमारे एक अष्टमांश सेकंदाने. त्याने निष्कर्ष काढला की ठोका आणि दृश्य एकाच क्षणी मनात येत नाहीत. युगपत्, म्हणजे एकदम, ज्ञान होत नाही. गौतमाने जे अनुभवाच्या तर्काने मांडलं, ते वुंटने सेकंदाच्या अंशात मोजलं, आणि ज्या प्रयोगशाळेला मानसशास्त्राचं जन्मस्थान म्हणतात ती याच मोजमापाच्या वाटेवर उभी राहिली. या दोघांच्या मध्ये भिंत कुणी घातली, सांगा मला!

मोजमापाने काय मिळालं हेही मान्य करायला हवं. १९५३ मध्ये कॉलिन चेरीने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली, तरी ते लोकांच्या लक्षात आलं नाही. १९९९ चा गोरिलाचा प्रयोग बहुतेकांनी पाहिला असेल. चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना समोरून छाती बडवत गेलेला गोरिला दिसलाच नाही. बृहदारण्यक उपनिषदातलं वाक्य आठवा: 'अन्यत्रमना अभूवं नादर्शम्, अन्यत्रमना अभूवं नाश्रौषम्.' मन दुसरीकडे होतं, मी पाहिलं नाही. मन दुसरीकडे होतं, मी ऐकलं नाही. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांवरही प्रयोग झालेत, आणि फोन हातात असो की नसो, लक्ष सारखंच उडतं असं दिसलंय. आपल्या घाटरस्त्यांवर हे वाक्य पाटी करून लावावं असं मला मनापासून वाटतं.

पण गौतम सर्वस्वी बरोबर ठरला असं म्हणून मी टाळ्या घेणार नाही. १९५९ मध्ये नेव्हिल मोरेने दाखवलं की दुर्लक्ष केलेल्या कानात स्वतःचं नाव आलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. म्हणजे दाराबाहेरही काहीतरी जागं असतं. आणि हे आपल्याकडेही म्हटलं गेलंय. सांख्यदर्शनाच्या सांख्यकारिकेत साफ लिहिलंय की इंद्रिय, मन, अहंकार आणि बुद्धी यांचे व्यापार क्रमानेही होतात आणि एकदमही होतात. तिचे टीकाकार वाचस्पती मिश्र दोन प्रसंग देतात. किर्र अंधारात वीज चमकते, समोर अगदी जवळ वाघ दिसतो आणि माणूस त्याच क्षणी मागे उडी मारतो. इथे सगळं एकदम झालं. दुसरा प्रसंग अंधुक उजेडातला. आधी 'काहीतरी आहे' एवढंच कळतं, मग न्याहाळल्यावर कानापर्यंत प्रत्यंचा ओढलेला चोर दिसतो, मग 'हा माझ्याकडेच येतोय' असं वाटतं, मग इथून निघावं हे ठरतं. मेंदूचा अभ्यासक जोसेफ लेडू याने भीतीच्या दोन वाटा सांगितल्या, एक झटपट आणि ओबडधोबड, दुसरी सावकाश आणि तपशीलवार. त्या ज्यांनी वाचल्यात त्यांना हा वाघ आणि हा चोर ओळखीचे वाटतील. भाट्ट, म्हणजे कुमारिल भट्टांच्या परंपरेतले, मीमांसक तर मन अणू आहे हेच मानत नाहीत, ते त्याला विभू, म्हणजे सर्वव्यापी, म्हणतात. म्हणून 'प्राचीन हिंदू मानसशास्त्र' असा एक गठ्ठा बांधून तो आधुनिक गठ्ठ्याशेजारी ठेवू नका. इथे भांडण होतं, तिथेही भांडण आहे. त्या दोन भांडणांची तुलना करा, तिच्यात फार माल आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पाच. मग आत्मा पळवतच न्यावा लागणार.

नैयायिकांच्या लेखी मन हे नुसतं करण, साधन, जाणणारा वेगळा. पुरावा काय? 'दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्'. जे मी पाहिलं तेच मी आता हाताने चाचपतो आहे, हे डोळ्याला कळणार नाही आणि त्वचेलाही नाही. दोन्ही ज्ञानांचा धनी एक असला पाहिजे. थोडं पुढे आणखी नेमकं सूत्र आहे: 'सव्यदृष्टस्येतरेण प्रत्यभिज्ञानात्'. डाव्याने पाहिलेलं उजव्याने ओळखता येतं, म्हणून. त्यावर लगेच विरोधक म्हणतो की डोळा एकच आहे, मध्ये नाकाचं हाड आल्यामुळे दोन वाटतात. त्याला उत्तर मिळतं की एक गेला तरी दुसरा राहतो. किती सुंदर चकमक आहे!

आता रॉजर स्पेरी, १९८१ चे नोबेल मानकरी. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. दृष्टिक्षेत्राच्या डाव्या अर्ध्यात दाखवलेलं चित्र त्यांना पुन्हा डाव्या अर्ध्यातच आलं तर ओळखता यायचं. उजव्या अर्ध्यात आलं की जणू पहिल्यांदाच पाहताहेत. इथे डोळ्यांऐवजी दृष्टिक्षेत्राचे अर्धे आहेत, हे ध्यानात ठेवा. पण डाव्याचं उजव्याला ओळखू येणं, ज्यावर न्यायाची सगळी भिस्त होती, तेच कात्रीत सापडलंय. या निष्कर्षांवर अलीकडे पुन्हा वाद सुरू झालाय, तोही वाचा. नैयायिक म्हणेल की साधन तुटलं, जाणणारा शाबूत आहे. मला हे उत्तर पुरत नाही. न्यायमतात स्मृतीचे संस्कार आत्म्यात राहतात. आत्मा एक आणि शाबूत असेल, तर डाव्या बाजूने आलेला संस्कार मन उजवीकडे गेल्यावरही उपलब्ध असायला हवा. सांख्ययोगाची ही अडचण होत नाही, कारण त्यांचे संस्कार चित्तात, म्हणजे प्रकृतीच्या कारभारात असतात. ते दुभंगले तरी पुरुष, म्हणजे त्यांचा आत्मा, नुसता पाहणारा. म्हणून मनाच्या बाबतीत मी तासभर नैयायिकांची बाजू लढवली असली, तरी आत्म्याच्या बाबतीत माझं मत आज सांख्यांना आहे. सभेत कुणी न्याय शिकलेलं असेल, तर पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा.