मुंग्यांना घरी जाऊ द्या

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. कीटक-नियंत्रणाच्या या धंद्यात नवा होतो तेव्हा एका रुग्णालयात मी मुंग्या वाढवल्या. पैसे घेऊन वाढवल्या. एका खोलीत भिंतीच्या कडेने बारीक पिवळसर मुंग्यांची रांग चालली होती. मी रांगेवर जोरदार फवारा मारला, मुंग्या जागच्या जागी मेल्या, तिथल्या व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. आता मुंग्या चार खोल्यांत होत्या. मी गेलो आणि पुन्हा फवारलं, या वेळी जास्तच. त्यानंतर त्या वरच्या मजल्यावर निघाल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. त्यात माझं औषध रोग पसरवत होतं, हे वर.

ती फॅरो मुंगी होती. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली तिला इजिप्तच्या फॅरो राजांवरून नाव दिलं. लांबी जेमतेम 2 मिलीमीटर, पण वसाहतीत राण्या अनेक. या राण्या उडून जात नाहीत. नर-मादीचं मीलन घरट्यातच उरकतं. वसाहतीला उपद्रव झाला की तिचे तुकडे पडतात. काही कामकरी मुंग्या अंडी आणि अळ्या तोंडात धरतात, जमल्यास एखादी राणी बरोबर घेतात आणि दुसरी फट गाठतात. राणी मिळाली नाही तरी त्यांचं अडत नाही, बरोबर नेलेल्या पिलावळीतून त्या नवी राणी वाढवतात. माझ्या प्रत्येक फवाऱ्याने एका बिऱ्हाडाची दोन-तीन बिऱ्हाडं होत होती. आणि हे रुग्णालयात! या मुंग्या जखमांवर आणि निर्जंतुक सामानातही जातात. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत त्यांच्या अंगावर रोगजंतू सापडल्याची नोंद 1972 सालचीच आहे. मी ती फार उशिरा वाचली.

तेव्हापासून माझं सांगणं एकच असतं. ओट्यावर दिसणारी मुंगी मारू नका. तिला घरी जाऊ द्या, फक्त रिकाम्या हाताने जाऊ देऊ नका.

याचं कारण घरट्याच्या आत आहे. वसाहतीतल्या थोड्याच मुंग्या अन्न शोधायला बाहेर पडतात, आणि त्या बहुधा वयस्कर असतात. तरुण मुंग्या आत पिलावळ सांभाळतात. बाहेरचं काम जिवावरचं, म्हणून ते म्हाताऱ्यांकडे. म्हणजे आपण चपलेने जिला चिरडतो तिचे दिवस तसेही भरत आलेले असतात. राणी मात्र आत शाबूत. बागेतल्या एका काळ्या जातीची राणी प्रयोगशाळेत 28 वर्षांहून जास्त जगली आहे. सगळ्या जातींचं असं नसतं, फॅरोची राणी वर्षभरातच संपते, पण तिच्या जागी दुसऱ्या तयार असतात.

आता मुंगी ओळखायची कशी. मुंगीच्या जाती चौदा हजारांच्या वर आहेत, पण घरात त्रास देणाऱ्या मोजक्याच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. एक भिंग आणि पारदर्शक चिकटपट्टी पुरते. पट्टीवर चार-पाच मुंग्या चिकटवा आणि कंबर पाहा. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन? फॅरोला दोन असतात. जिचं डोकं काळपट आणि पोट-पाय इतके फिके की फिकट फरशीवर नुसता ठिपका पळतोय असं वाटतं, ती घोस्ट अँट. चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो. हिच्याही वसाहतीचे तुकडे पडतात, तेव्हा हिच्यावरही फवारा नको. लांब पाय, लांब मिशा आणि रांग सोडून वेड्यासारखी इकडेतिकडे धावणारी ती क्रेझी अँट. ही बऱ्याचदा इमारतीबाहेर राहते आणि आमिषाला, म्हणजे विष मिसळलेल्या खाण्याला, फारशी भीक घालत नाही. तिच्यासाठी बाहेरची कचऱ्याची, ओल्या पाल्याची जागा साफ करणं आणि आत येण्याच्या फटी बुजवणं यावरच भर द्यावा लागतो.

मोठा काळा मुंगळा घरातच रोज रात्री दिसू लागला, तर मात्र लाकडाकडे लक्ष द्या. सुतार मुंगी लाकूड खात नाही, पोखरते. बाहेर टाकलेल्या भुशात मेलेल्या कीटकांचे अवयवही सापडतात. आतले बोगदे रंधा मारल्यासारखे गुळगुळीत असतात. जमिनीतून येणाऱ्या वाळवीच्या बोगद्यांत माती भरलेली असते. या मुंगीला मऊ, ओलं लाकूड आवडतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, पाणी कुठून झिरपतंय? गळती तशीच ठेवून मुंगळे घालवणारा माणूस तुमच्याकडे दर वर्षी येईल. त्याचा फायदाच आहे.

वाळवीचा विषय निघालाच आहे, तर पंखवाल्यांचं सांगून टाकतो. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे, मीलनानंतर ते लवकरच मरतात. राणी मात्र पंख गाळून संसार थाटते. खिडकीजवळ पंखवाले किडे पडलेले दिसले तर कंबर बारीक आहे का आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आहेत का, एवढं पाहा. तसं असेल आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील, तर मुंगी. कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, चारही पंख सारखे, तर वाळवी. तिचा इलाज पूर्ण वेगळा, तो आज नको.

रांग दिसली की लगेच पुसू नका. अर्धा तास तिच्याबरोबर काढा. अन्नाकडे जाणारी मुंगी तुमच्या उपयोगाची नाही, परतणारी बघा. ती कोणत्या फटीत शिरते? स्विचबोर्डमागे, स्कर्टिंगखाली, पाइप भिंतीत शिरतो तिथे? की कुंडीत? कुंडीतल्या झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असतील तर मुंग्या त्यांचा गोड स्राव पिण्यासाठी येतात, आणि तो माल राखतातही. तिथे आधी झाडाचा इलाज करावा लागतो.

रांग म्हणजे वासाचा रस्ता. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत गंध सोडते, मागची तो उचलते आणि दाट करते. फॅरो मुंगी तर निष्फळ फाट्यावर ‘नो एंट्री’चा गंधही लावते, हे 2005 साली उघड झालं. साबणाच्या पाण्याने पुसलं की रस्ता मोडतो. पण घरटं जागेवर असतं, थोड्या वेळात नवा रस्ता होतो. म्हणून आधी आमिष, पुसणं नंतर.

आमिष चालतं ते मुंगीच्या खाण्याच्या रीतीमुळे. मोठी झालेली मुंगी घन अन्न गिळू शकत नाही. ती रस पिते आणि त्यातला बराचसा एका वेगळ्या पिशवीत साठवते. ही पिशवी तिच्या एकटीची नाही, वसाहतीची. घरी गेल्यावर ती तोंडाला तोंड लावून तो रस इतरांना देते. घन अन्न अळ्यांपुढे ठेवलं जातं. त्या ते पचवतात. म्हणजे बाहेरून आलेला घास हातोहात राणीपर्यंत पोचतो. आपल्याला फक्त त्यात विष मिसळायचं आहे, पण हळू मारणारं. वाटेतच मुंगी मेली तर घास पोचलाच नाही.

लोक इथेच चुकतात. बोरिक पावडर घेतात आणि ‘थोडी जास्तच टाकू’ म्हणतात. जास्त झाली की मुंगी तोंड लावत नाही, किंवा वाटेतच मरते. 100 मिलीलीटर पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर, इतकं पातळ पुरतं. कापसाचा बोळा भिजवून झाकणात ठेवा, आणि झाकण अशा बंद डबीत ठेवा की मुंगी जाईल पण मुलाचं बोट किंवा मांजराची जीभ जाणार नाही. बोरिक पावडर घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी नाही. हेच मी विषारी खडूबद्दल सांगतो: दिसायला लिहिण्याचा खडू, आणि मूल तो उचलतंच.

साखरेला मुंग्या येत नसतील तर रागावू नका. अळ्या वाढत असताना वसाहतीला प्रथिनं आणि चरबी लागते. गोड एक थेंब आणि तेलकट एक ठिपका शेजारी ठेवा, तासाभराने गर्दी कुठे आहे ते बघा आणि तसं आमिष घ्या. आणि आमिषाजवळ फवारा, फिनेल, काही नको. एका उपाहारगृहात मी आमिष लावून जायचो आणि रात्री सफाई कामगार नेमाने त्यावर फवारा मारायचा. त्याचं काम तो चोख करत होता, माझं मातीत जात होतं. व्यवसायाच्या जागी आधी रात्रपाळीला विश्वासात घ्या, मग बाकीचं. मोठ्या इमारतीत एकाच खोलीवर उपचार करण्यालाही अर्थ नाही; भिंती सामाईक, मुंग्याही सामाईक.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती: ‘आमिष ठेवलं, आठ दिवसांत मुंग्या गेल्या, आम्ही डब्या उचलल्या. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आल्या. आमिष खोटं होतं का?’

नाही. तुमचं आमिष खरं होतं, घाई झाली. मोठ्या मुंग्या खातात, अळ्या खातात, पण कोष काहीच खात नाहीत. तुम्ही डब्या उचलल्या तेव्हा घरट्यात कोष पडून होते, त्यांना विषाचा कणही लागलेला नव्हता. त्यांतून नव्या मुंग्या निघाल्या. फॅरो मुंगीला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण 38 दिवस लागतात. तेव्हा शेवटची मुंगी दिसल्यावर आणखी सहा आठवडे डब्या तशाच ठेवा. आमिष वाळलं की बदला. मग उचला.