दोन मिलिमीटरची पिन

[दृश्य: टेबलावर पांढरा टॉवेल. त्यावर पालथं ठेवलेलं डायव्हिंगचं घड्याळ. बाजूला पट्टा काढायचं हत्यार.]

हे घड्याळ 200 मीटर पाण्याचा दाब सोसेल असं बनवलंय. जाड काच, आट्यांवर घट्ट बसलेलं मागचं झाकण, पेच फिरवून बंद होणारी चावी. आणि हा सगळा ऐवज मनगटावर टिकतो तो या दोन पिनांच्या जिवावर.

हातात घेऊन बघा. जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आत बारीक स्प्रिंग, दोन्ही बाजूंना आत दबणारी टोकं. घड्याळ दुरुस्त करणारे हिला पिन म्हणतात, हौशी मंडळी स्प्रिंग बार म्हणतात. घड्याळ समुद्रात हरवतं तेव्हा आतलं यंत्र चांगलं चालू असतं. पिन निसटलेली असते, नाहीतर पट्टा तुटलेला असतो.

[दृश्य: निळं पाणी. वर जाणारे बुडबुडे.]

घड्याळ गेलं तर काय गेलं, हे समजायला 1950 च्या दशकात जावं लागेल. वर कधी यायचं ते सांगणारे डायव्ह कॉम्प्युटर तेव्हा नव्हते. किती खोल गेलो आणि तिथे किती मिनिटं राहिलो, या दोन आकड्यांवरून पाणबुड्या, म्हणजे बुडी मारणारा माणूस, ठरवायचा की वर कधी यायचं, कुठे थांबायचं. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो. माणूस घाईनं वर आला तर त्याचे रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होतात. मिनिटांचा हिशेब चुकला की जीव धोक्यात. 1953 साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ब्लांपां कंपनीनं फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ बनवलं. त्याच्या तबकडीभोवती फिरणारी कडी होती ती याच हिशेबासाठी. पाण्यात उतरताना कडीची खूण मिनिटकाट्यावर आणायची, पुढची मिनिटं कडीवर वाचायची.

पट्टा तुटणं म्हणजे तो हिशेबच हातातून जाणं. म्हणून पट्ट्याला शोभेची वस्तू म्हणणं मला कधी पटलं नाही.

[दृश्य: रबरी सूट घातलेला हात. बाहीवर घड्याळ बांधलं जातंय.]

थंड समुद्रातले पाणबुडे घड्याळ सुटाच्या बाहीवर बांधतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हा सूट निओप्रीनचा. निओप्रीन म्हणजे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. आतले बुडबुडे त्या प्रमाणात आक्रसतात आणि सूट पातळ होतो. समजा तो मनगटापाशी दोन मिलिमीटरनं दबला. मनगट गोल आहे, त्यामुळे घेर कमी होतो तो साडेबारा मिलिमीटरनं. पट्ट्याच्या भोकांत मोजलंत तर जवळजवळ दोन भोकं. किनाऱ्यावर करकचून बांधलेलं घड्याळ तळाशी गेल्यावर हातावर गरगर फिरायला लागतं.

यावर निरनिराळ्या लोकांनी काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत.

फ्रेंच नौदलाकडे ट्यूडर कंपनीची घड्याळं यायची ती पट्ट्याविना, नुसती डबी. मग पाणबुड्यांनी पॅराशूटचं इलॅस्टिक कापून पट्टे शिवले. हिरवी पट्टी, मधोमध पिवळी रेघ. इलॅस्टिक सुटाबरोबर आपोआप आवळतं. टाकाऊ मालातून निघालेली इतकी नेमकी सोय क्वचितच दिसते.

ब्रिटिशांची अडचण वेगळी होती. त्यांच्या नौदलाला दिलेल्या रोलेक्स सबमरिनरमध्ये पिना नव्हत्याच. त्या जागी पक्के दांडे जोडलेले होते, म्हणजे निसटायला काही उरलंच नाही. पण मग नेहमीचा दोन तुकड्यांचा पट्टा तिथे बसेना. दांड्यांमागून ओवून घेता येईल असा सलग पट्टा हवा होता. 1973 साली त्यांच्या संरक्षण खात्यानं अशा नायलॉनच्या पट्ट्याचं प्रमाण छापलं: रुंदी 20 मिलिमीटर, रंग करडा. तो कोठारातून मागवायचा अर्ज जी-1098 क्रमांकाचा, म्हणून सैनिक त्याला जी-10 म्हणायचे. आज बाजारात तो नाटो पट्टा म्हणून मिळतो. साध्या पिनांच्या घड्याळालाही तो लावता येतो, आणि त्याचा मोठा गुण तिथेच कळतो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लोंबकळत राहतं. खाली पडत नाही.

[दृश्य: जुना काळा पट्टा, जवळून. बक्कल आणि भोकांच्या बाजूला आडव्या घड्या.]

आणि आता माझा सगळ्यात आवडता पट्टा.

1968 साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातून एका व्यावसायिक पाणबुड्यानं सेइको कंपनीला पत्र लिहिलं. तीनशे मीटरच्या पलीकडच्या कामात तुमची घड्याळं टिकत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. कंपनीनं ती मनावर घेतली. सात वर्षं काम चाललं आणि 1975 मध्ये 600 मीटरचं, टायटॅनियमच्या डबीचं घड्याळ बाहेर आलं. त्याच्या पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकच्या पट्ट्याला आडव्या घड्या आहेत, अगदी पेटीच्या भात्यासारख्या. बांधताना पट्टा ताणायचा म्हणजे घड्या उघडतात. खोलवर सूट दबला की घड्या मिटतात आणि पट्टा स्वतःच आवळतो. पुन्हा वर येताना सूट फुगतो, घड्या परत उघडतात. ना स्प्रिंग, ना कळ. नुसत्या आकारानं साधलेलं काम! तशा घड्यांचे पट्टे आजही बनतात. ते विकत घेणाऱ्या कित्येकांना ती नक्षी वाटते, याचं मला वाईट वाटतं.

[दृश्य: तारकर्लीचा किनारा. होडीतून उतरणारे लोक. मागे सिंधुदुर्ग किल्ला.]

आपल्याकडे, मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात, पाणी उबदार. सूट पातळ, कधी अर्ध्या बाह्यांचा, त्यामुळे घड्याळ थेट कातडीवर बसतं. इथला शत्रू म्हणजे घाम, मीठ आणि दमट हवा. कातडी पट्टा या कामाला घेऊच नका. तो पाणी पितो, आतून कुजतो, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. सिलिकॉन मऊ असतं, पण धूळ-धागे ओढून घेतं आणि एकदा चीर पडली की फाटत जातं. पॉलियुरेथेन वर्षांनुवर्षं दमट हवेत राहिलं की कडक होऊन तडकतं. जुन्या घड्याळाचा मूळ पट्टा कपाटात जपून ठेवला असेल तर पाण्यात नेण्याआधी तो वाकवून बघा. नायलॉन मजबूत खरं, पण लवकर वाळत नाही. रोज साबणानं धुवायची तयारी हवी.

मला विचाराल तर इथल्या हवेला एफकेएम, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर. किंमत जास्त पडते, पण घाम, मीठ, ऊन, सनस्क्रीनचं तेल, सगळं ते सोसतं. स्टीलची चेनही चालते. फक्त कड्यांच्या फटीत मीठ आणि वाळू साचते, म्हणून जुन्या टूथब्रशनं घासत राहायचं. सुटावरून बांधायची असेल तर कुलपात लपलेला वाढीव तुकडा आहे का, ते विकत घेतानाच पाहा.

[दृश्य: पुन्हा टेबल. हात.]

आता बदलायचा कसा? आधी माप. डबीतून पुढे आलेल्या ज्या दोन शिंगांमध्ये पट्टा बसतो त्यांच्यामधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. बहुतेक 20 किंवा 22 निघेल. 22 च्या जागी 20 चा पट्टा बसतो, नाही असं नाही. पण मग तो पिनेवर डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि पिनेची टोकं झिजतात. एक मिलिमीटरचीही तडजोड करू नका.

खाली टॉवेल हवाच, कारण सुटलेली पिन उडते आणि फरशीवर पडली की सापडत नाही. शिंगांना आतून कागदी टेप लावा, ओरखडे वाचतील. हत्याराचं दुबेळकं टोक पट्टा आणि शिंग यांच्या फटीत घाला, पिनेच्या कडेला अडकवा आणि आत ओढा. जोर लावायचा नाही. स्प्रिंग दबते, पिन सुटते.

नव्या पट्ट्यासोबत पिनाही नव्या घ्या, आणि मूळ पिनेच्या जाडीच्याच घ्या. साधी पिन दीड-पावणेदोन मिलिमीटरची. सेइकोच्या बऱ्याच डायव्हिंग घड्याळांत ती अडीच मिलिमीटरची असते, टोकंही जाड. तिथे बारीक पिन घातली तर ती भोकात खुळखुळते. वरून काही कळत नाही, आणि पाण्यात कळून उपयोग नाही.

आधी एक टोक भोकात. दुसरं टोक दाबून शिंगाच्या आत सरकवा, भोक शोधत हळूच हलवा.

[ध्वनी: बारीक "टक्".]

हा आवाज ऐकला? तो आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आला तरी पट्टा धरून ओढा. सरळ ओढा, तिरका ओढा, पिळून बघा. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ 6425 या मानकात पट्ट्याच्या जोडाला 200 न्यूटनची ओढ द्यायची चाचणी आहे. म्हणजे 20 किलोचं पोतं टांगल्यासारखी. घरी तितकं नको. दोन्ही हातांनी नीट ओढून पिन जागची हलली नाही, की झालं.

[दृश्य: होडीच्या तळाशी बादली. ओला हात.]

पाण्यातून वर आल्यावर पहिलं काम हे. घड्याळ गोड्या पाण्याच्या बादलीत, पट्ट्यासकट. चावी बंद आहे याची खात्री करून. कडी दोन-तीनदा फिरवा, पट्टा चोळा, पिनांच्या फटीत अंगठा फिरवा. मग सावलीत पुसून ठेवा.