चावला ते सोडा, त्याआधी काय झालं ते सांगा

(ठाण्यात पक्षी पाळणाऱ्यांसमोर झालेल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

मागे आवाज येतोय ना? बरं, मग सुरू करते.

कॉन्युअर नावाच्या लहान परदेशी पोपटांबद्दल मला जे फोन येतात त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात, "ताई, आमचा कॉन्युअर अचानक चावायला लागला". आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं, की अचानक काही नसतं हो, त्याआधी काय झालं ते सांगा. मग समोर शांतता. कारण चावल्यानंतरचं सगळ्यांना आठवतं, रक्त आलं, मुलगी रडली, सासूबाई म्हणाल्या कुठून ही ब्याद आणली, पण चावण्याआधीच्या पाच सेकंदांत पक्षी काय करत होता हे कोणीच बघितलेलं नसतं. आजचं माझं सगळं बोलणं त्या पाच सेकंदांबद्दल आहे असं समजा.

आधी हे पाहुणे कुठले ते थोडक्यात. आपल्याकडे घरोघरी दिसतात ते मुख्यतः दोन. सन कॉन्युअर, म्हणजे तो पिवळाधमक केशरी, 110-120 ग्रॅमचा, आणि ग्रीन चीक, हिरव्या गालांचा, लाल शेपटीचा, 60 ते 80 ग्रॅमचा. पाइनॅपल, सिनॅमन वगैरे जे ऐकता ना ते सगळे ग्रीन चीकचेच रंगाचे प्रकार, वेगळी जात नाही, त्यामुळे दुकानदाराने पाइनॅपल शांत असतो म्हणून जास्त पैसे सांगितले तर हसून पुढे जा. सन मूळचा गयाना आणि ब्राझीलच्या उत्तर टोकाच्या रोराइमा भागातला, आणि आज जंगलात तो संकटात आहे, पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून संपवत आणला. गयानामधे करासाबाई नावाचं गाव आहे, तिथली माणसं आता त्याला जपतात. ग्रीन चीक बोलिव्हिया, पॅराग्वे, ब्राझीलचा माटो ग्रोसो, अर्जेंटिनाचा वरचा कोपरा इथला. दोघंही थव्याने राहणारे. हे महत्त्वाचं, कारण कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहून बदललाय, तसा कॉन्युअर बदललेला नाही, तुमच्या हॉलमधला पक्षी पिंजऱ्यातच जन्मला असेल पण त्याच्या डोक्यात जंगलच आहे. त्याच्या लेखी तुम्ही मालक वगैरे काही नाही, थव्यातले एक आहात, आणि थव्याचे नियम तुम्हाला पाळता येत नाहीत म्हणून तो वैतागलेला असतो.

आता किंचाळणं. थव्यात एक पक्षी दिसेनासा झाला की बाकीचे हाका मारतात, तो उत्तर देतो, सगळं ठीक. तुम्ही बाथरूममधे गेलात, तो हाक मारतो. तुम्ही गप्प. तो मोठ्याने मारतो. तुम्ही अजून गप्प. मग सन कॉन्युअर जी आरोळी ठोकतो ती तीन मजल्यांवर जाते आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन ओरडता, "अरे काय आहे!" झालं, तो शिकला. हळू हाकेला कोणी येत नाही, किंचाळलं की येतात. तुमचं रागावणं वगैरे त्याला कळत नाही, थव्यातला एक जण परत आला एवढंच कळतं, वर तुम्ही त्याच्याच पट्टीत ओरडताय म्हणजे तर छानच.

याला उपाय आहे, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा. दुसऱ्या खोलीत जाताना साधी शिट्टी द्यायची, नेहमी तीच, आणि त्याने हळू आवाजात हाक दिली की लगेच उत्तर द्यायचं. किंचाळला तर उत्तर नाही, बघणं नाही, काही नाही, दोन क्षण गप्प झाला की मग जायचं. सुरुवातीला किंचाळणं वाढेल हां, हे आधीच सांगते, कारण इथेच लोक हार मानतात. जे आजवर चालत होतं ते चालेना म्हणून तो आणखी जोर लावून बघतो. त्या दिवसांत आजीने कंटाळून बिस्किट दिलं की संपलं, आता तो शिकला की अजून जोरात, अजून जास्त वेळ किंचाळायचं. आजीला आधी विश्वासात घ्या. ती बिचारी शेजाऱ्यांसाठी करते हे.

आणि एक, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला थोडा गोंगाट होणारच. आपल्या वडावर-पिंपळावर संध्याकाळी जंगली पोपट जमतात तेव्हाचा कालवा ऐकलाय ना, तसंच ते. ते बंद करायचं नसतं, सोसायचं असतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी सन कॉन्युअर आणू नये, ग्रीन चीकचा आवाज त्या मानाने बराच कमी. बोलायला शिकेल या आशेने मात्र दोघांतला कुठलाच आणू नका, दोन-चार शब्द घोगऱ्या आवाजात म्हणतात काही काही, पण त्यासाठी आणलात तर तुमचाच पोपट होईल.

हां, आता चावणं. हे जरा सावकाश सांगते.

आमच्याकडे ग्रीन चीक आहे, पिकू. तो खांद्यावर बसलाय, मी मोबाईल बघतेय. त्याने मान खाली घातली, मानेवरची पिसं फुलवली, डोळे अर्धवट मिटले, अंग सैल. याचा अर्थ खाजव. आता तोच पक्षी, तीच मानेवरची फुललेली पिसं, पण अंगावरची पिसं घट्ट चापून बसलेली, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, डोळ्यातली काळी बाहुली झपझप लहान-मोठी होतेय आणि तो किंचित डुलतोय. याचा अर्थ हात आणलास तर बघ. पाहुण्यांना दोन्ही सारखंच दिसतं, "अय्या किती गोड फुगलाय" म्हणून बोट पुढे करतात आणि मग आमच्याकडे बँडेड शोधायची धावपळ. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, आवडता खाऊ दिसला तरी बाहुली अशीच नाचते, सगळं अंग एकत्र वाचायचं.

चोचीने दाबणं आणि चावणं यातही फरक आहे. त्याला हात नाहीत, चोच हाच हात, बोटावर चढायच्या आधी तो चोचीने बोट दाबून बघतो की हे डगमगणार तर नाही. त्या क्षणी तुम्ही घाबरून हात मागे घेतला तर दोन गोष्टी होतात, तुमच्या बोटावर भरवसा नाही हे त्याला कळतं आणि चोच लावली की हात पळतो हेही कळतं. दुसरी गोष्ट त्याला फार आवडते. पिल्लू मोठं होताना काही महिने असं धाक दाखवून बघतच असतं. हात स्थिर ठेवा, पोटाच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवा, "स्टेप अप" म्हणा, चढला की सूर्यफुलाचा एक दाणा. एकच. वाटीभर सूर्यफूल दिवसभर समोर असेल तर तो दाणा बक्षीस कसा वाटेल? आणि नुसत्या सूर्यफुलावर ठेवलेल्या पक्ष्याचं यकृत चरबीने खराब होतं, अ जीवनसत्त्व कमी पडतं, ते वेगळंच. पेलेट म्हणजे पक्ष्यांचं तयार गोळीसारखं खाद्य, मोड आलेले मूग-मटकी, गाजर, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, हे रोजचं खाणं. तिखट मिरचीही खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही.

खरोखर चावला तर ओरडू नका, फुंकर मारू नका, चोचीवर टिचकी तर अजिबात नाही. शांतपणे खाली ठेवा आणि मग मनात मागे जा. कोण आलं होतं, काय हातात होतं, पिसं गळण्याचे दिवस आहेत का? नवीन पिसं काटेरी नळीत येतात, त्या नळीत रक्त असतं, तिथे दाब पडला की दुखतं, म्हणजे कालपर्यंत मान खाजवून घेणारा आज चावला तर त्याचं काय चुकलं?

आणि मग वयात आलेला पक्षी. हे थोडं लाजत सांगावं लागतं पण सांगते. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणं हे त्यांच्यात जोडीदाराचं काम आहे. आपण प्रेमाने फिरवतो, त्याचा समज भलताच होतो, मग तो एकाच माणसाला आपला मानतो आणि बाकी सगळ्यांवर धावून जातो. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. दुकानात मिळतात ते कापडी तंबू काढून टाका, कपाटाचे खण, सोफ्याखालची जागा बंद करा, अंधारी बिळासारखी जागा दिसली की त्यांना घरट्याचं सुचतं, मादी असेल तर अंड्यांवर अंडी घालत बसते आणि अंडं अडकून जिवावर बेतू शकतं. नर की मादी हे बघून ओळखता येत नाही, पिसाची डीएनए टेस्ट करावी लागते, आमच्या ओळखीतल्या एका "राजा"ने तीन अंडी घातली तेव्हा घरात पेढे वाटले होते.

झोप दहा ते बारा तास. आपल्याकडे पिंजरा हॉलमधे आणि हॉलमधे रात्री अकरापर्यंत मालिका, मग सकाळी पक्षी चिडचिडा का असं विचारतात. रात्री शांत खोलीत हलवा त्याला. झोपायच्या आधी चोच घासल्याचा करकर आवाज आला तर घाबरू नका, तो निवांत आहे. काही कॉन्युअर चक्क पाठीवर उताणे झोपतात, पाय वर, पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं.

घरातले धोके पटकन सांगते. पक्षी बाहेर तेव्हा सीलिंग फॅन बंद, याला अपवाद नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, त्यांची श्वासाची रचनाच अशी की हवेतलं सगळं आपल्यापेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून अगरबत्ती, कापूर, मच्छर कॉइलही त्याच्या खोलीत नको. चॉकलेट, अवोकाडो, कांदा नाही. आणि किचनचा ग्रॅमवाला काटा घ्या, दर आठवड्याला वजन लिहा. शिकार होणारा प्राणी आहे हा, आजार लपवतो, थव्यात कमजोर दिसला की ससाणा उचलणार. फुगून तळाशी बसला म्हणजे बऱ्याचदा उशीर झालेला असतो, वजन त्याच्या आधी बोलतं.

कायद्याचंही विचारलं होतं कोणीतरी. आपला गळ्याला कंठ असलेला देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आजोबांच्या काळापासून पाळत असलात तरी. कॉन्युअर चालतो, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, विकताना, देताना, मेला तरी कळवावं लागतं. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका. आणि हाताने भरवायचं पिल्लू स्वस्त मिळतंय, स्वतः भरवलं की माया लागते, हे तर अजिबात ऐकू नका. फीड जास्त गरम झालं तर गळ्याची पिशवी भाजते, श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू जातं. माया नंतरही लागते.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथे घेतलाय.)

"एकटा कंटाळतो म्हणून दुसरा आणू का?"

तुम्हाला दोन हवे असतील तर आणा, पहिल्याचं वागणं सुधारावं म्हणून आणू नका. किंचाळणारा पक्षी दुसऱ्याला किंचाळायला शिकवतो, मग दोघं. आणलात तरी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत, आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे तपासणी, नंतर दोन पिंजरे शेजारी, आणि एकत्र सोडताना तुमच्याच नजरेसमोर. सन आणि ग्रीन चीक एका पिंजऱ्यात नकोच, सन अंगाने जवळजवळ दुप्पट असतो, भांडणात लहान्याच्या पायाचं बोट तुटू शकतं. आणि हे पक्षी वीस-पंचवीस वर्षं जगतात. तुमची मुलगी आत्ता आठवीत आहे म्हणालात ना, ती शिकायला बाहेर गेली की दोघांचं कोण करणार हे तिच्याशी आणि घरच्यांशी आधी बोलून घ्या, मग दुकानात जा.