एवढी जमीन कोणाची? वायोमिंगच्या रँचचं खरं गणित

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत बर्फातल्या गायी दाखवल्या आणि खाली एकच प्रश्न पन्नास जणांनी विचारला, "ताई, क्षितिजापर्यंत जमीन, म्हणजे हे लोक अब्जाधीशच ना?" म्हणून आज फक्त त्यावर बोलते.

आधी पटकन ओळख. आम्ही अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, सब्लेट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) राहतो, पाइनडेल गावाजवळ. नवरा गॅसच्या विहिरींवर कामाला आहे. इथला रँचर गायी सांभाळतो, उन्हाळा संपायच्या आत गवत कापून साठवतो, वसंतात वासरं होतात, शरदात ती विकतो. वर्षाची मुख्य कमाई तेवढीच. ऊसवाल्यांना ही वाट बघणं वेगळं सांगायला नको! म्हणूनच कितीतरी घरांत नवराबायकोपैकी एक जण शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरी करतो, आरोग्यविम्यासाठी.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला दिसते ती बहुतेक जमीन रँचरची नाहीच. वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची आहे. रँचरची स्वतःची असते ती नदीकाठची, हिवाळ्याचं गवत पिकवणारी. डोंगरावरचं कुरण सरकारचं, आणि त्यावर चराईचा परवाना.

लगेच दुसरी कमेंट येते, "म्हणजे आपलं गायरान!" नाही हो. गायरानात गावातल्या कोणाचीही गुरं जातात. इथे १९३४च्या टेलर ग्रेझिंग कायद्यानं सरकारी माळावरची मोकाट चराई संपवली. परवाना साधारण दहा वर्षांचा असतो. त्यात किती जनावरं, कुठल्या कुरणात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सगळं लिहिलेलं असतं.

तिसरी कमेंट, "मग फुकटच की." फुकटही नाही. एक गाय वासरासकट महिनाभर चारायची तर २०२५ साली १.३५ डॉलर. दर खूपच कमी आहे, मान्य. यावर अमेरिकेतही कडाक्याचे वाद होतात. पण त्या दरात कुंपण, पाण्याची सोय, राखणीची माणसं येत नाहीत. आणि दुष्काळ पडला, वणवा लागला, की वनखातं गायी कमी करायला सांगू शकतं. अशा वेळी चारा विकत घ्यायचा की पिढ्यान् पिढ्या जपलेल्या गायी विकायच्या? मालकी असती तर हा प्रश्न असा अंगावर आला नसता.

आमच्याकडची ग्रीन रिव्हर ड्रिफ्ट घ्या. सुमारे ५८ मैलांची वाट. १८९०च्या दशकापासून इथले रँचर याच वाटेनं माळावरून जंगलातल्या कुरणांवर गुरं नेतात. शरदात थंडी पडली की गायी आपसूक खाली सरकू लागतात, म्हणून ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू वाहत जाणं. सगळ्यांच्या गायी एकत्र चरलेल्या असतात, मग फाटकाशी अंगावर डागलेली मालकाची खूण पाहून ज्याच्या त्याच्या वेगळ्या करतात. २०१३ मध्ये या वाटेची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नोंद झाली.

आणि कृपा करून "किती गायी आहेत?" हे कोणाला विचारायला सांगू नका. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. समोरचे काका गप्प झाले. नंतर शेजारणीनं समजावलं, "हे म्हणजे बँकेत किती पैसे आहेत विचारण्यासारखं." तेव्हापासून मी "यंदा गवत कसं आहे?" विचारते. मग तासभर बोलतात.

वासरांना डाग द्यायच्या दिवशी मात्र सगळा शेजार येतो. कोणी दोरी टाकतं, कोणी वासरू धरतं, कोणी लस टोचतं, पोरंसोरं हाताखाली. दुपारी मोठी पंगत. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, वडील इर्जिक घालायचे ना, हुबेहूब तसंच. मी शेजारणीला विचारलं, या सगळ्यांना मजुरी किती देता? ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे."