एकोणीस भुतं आणि एक डीपी

नमस्कार मंडळी. जेवणं चालू असतील, चालू द्या, कडक भाकरी मोडता मोडता ऐकलं तरी चालतंय, मी काय परीक्षा घेणार नाहीये. आजचा विषय दिलाय तो मोठा भारदस्त आहे, आपल्यासारख्या देशात वीजपुरवठा वाढवायला अडचणी काय आणि सुधारणा काय. वेळ दहा मिनिटं. आणि स्टुडिओतल्या ताईंनी दारातच बजावलंय, काका, ती भुतांची गोष्ट लांबवू नका. बघू.

मी ३१ वर्षं विजेच्या खात्यात काढली, सुरुवात खांबावर चढण्यापासून. त्यामुळं माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मधेमधे परत सांगेन, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. वीज बनवण्यात आपण जेवढं अडत नाही तेवढं डीपी ते मोटार या अंतरात अडतो. डीपी म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, मोठ्या लाईनीतली वीज मोटारीला झेपेल अशी करून देणारा, आणि त्याखालची फ्यूजची पेटी. डीपी ते मोटार. फारतर हजार-दोन हजार फूट.

आता बघा, आपलं सोलापूर विजेच्या बाबतीत काही गरीब नाही. आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचं वीज बनवायचं केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १३२० मेगावॅट. त्याला पाणी उजनीचं. उजनीचं पाणी कोळशाच्या केंद्राला, उजनीचं पाणी उसाला, आणि शहरातल्या माणसानं मात्र काही-काही दिवसांआड नळाची वाट बघत पिंप भरून ठेवायचं. आणि ऊस तरी किती लावावा हो, पाऊस पडतो किती, कारखाने किती. असो, हे आजच्या विषयात नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली. त्याआधी दक्षिण भारताची ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, वेगळ्या तालावर चालायची, बाकी देशाची वेगळ्या. या लाईननं दोन्ही एकत्र जुळल्या, सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला, आणि ही गाठ बसली आपल्या सोलापुरात. पोरांना शाळेत सांगतात का हे? मला नाही वाटत. पण एवढी मोठी लाईन डोक्यावरून गेली म्हणून खालच्या मळ्यातली मोटार चालू झाली असं होत नाही ना.

आता गोष्ट.

२००७ चा डिसेंबर. लोडशेडिंगचे दिवस, आठवतंय ना? शेतीच्या लाईनला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. मंगळवेढा तालुक्यातलं एक गाव, नाव नाही सांगत, ती मंडळी अजून आहेत आणि रेडिओ ऐकतात. तिथं ६३ केव्हीए कुवतीची एक डीपी. अशा डीपीवर पाच एचपीच्या अकरा-बारा मोटारी चालाव्यात. कागदावर अकरा होत्या, प्रत्यक्षात एकोणीस. काहींनी तारेवर चोरून आकडे टाकलेले होते, काहींनी कोटेशन भरलेलं होतं पण कनेक्शन मिळालं नव्हतं म्हणून तारा ओढलेल्या, सगळं आपलं नेहमीचं. आणि ती डीपी दोन महिन्यात तीनदा जळाली. तिसऱ्यांदा जळाली तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आलेली, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको, पोटऱ्यात एक पाणी मिळालं तर कणीस भरतं, नाही मिळालं तर नुसता कडबा.

दुसरी डीपी गावकऱ्यांनीच वर्गणी काढून ट्रॅक्टरवर घालून आणली. ती बसवायला मला पाठवलं. मी बसवली आणि पारावर विचारलं, ऑटो कुणाकुणाच्या मोटारीला आहे? ऑटो म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, लाईट आली की मोटार आपोआप चालू. तर एकजात सगळे म्हणाले, "नाय साहेब, ऑटो काढून टाकलेत कवाच." एक जण तर पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाला होता.

मी काही बोललो नाही. संध्याकाळी डीपीच्या पेटीत बघितलं तर फ्यूजच्या जागी बोटाएवढी जाड तार पिळून घातलेली. फ्यूज हा जळण्यासाठीच असतो, मंडळी. तो जळत नाही म्हटल्यावर डीपी जळते. मी ती तार काढली, मापाची फ्यूज तार घातली आणि हेल्परला म्हणालो, आज इथंच थांबायचं.

लाईट यायची होती रात्री बाराला. थंडी अशी की दातावर दात. मी, हेल्पर आणि एक म्हातारं कुत्रं, बाकी मळ्यात चिटपाखरू नाही, एक बॅटरी चमकत नव्हती कुठं. बाराला सबस्टेशनवरनं लाईन सोडली आणि पेटीत फट्‌कन जाळ, तिन्ही फ्यूज खलास. दोन सेकंद लागले नसतील. आणि त्या दोन सेकंदात चारी बाजूंनी मोटारींनी हुंकार दिला आणि गप्प झाल्या, हेल्पर मला चिकटलाच, त्याला खरंच वाटलं भुतं आहेत.

हिशोब बघा काय होतो. ६३ केव्हीएच्या डीपीला करंट झेपतो ८४ अँपिअर. पाच एचपीची मोटार चालू असताना घेते साधारण साडेसात, पण चालू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट. एकोणीस मोटारी एकाच सेकंदाला उठल्या की मागणी जाते ७००-८०० वर. चौऱ्याऐंशीची कुवत आणि आठशेचं ओझं. परत सांगतो, चौऱ्याऐंशी आणि आठशे.

सकाळी मी पारावर जळालेल्या तिन्ही तारा मांडल्या. म्हणालो, रात्री बाराला मळ्यात कोण होतं? सगळे म्हणाले, आम्ही घरी झोपलेलो. म्हटलं, ऑटो कुणाकडं नाही, मळ्यात कुणी नव्हतं, मग फ्यूज कशानं गेला? भुतांनी मोटारी चालू केल्या काय?

कुणी बोलेना. आणि मग मागनं एक आज्जी, ऐंशीच्या पुढची असंल, काठी टेकत आली आणि विचारते, "किती भुतं हुती रं लेकरा?"

मी म्हणालो, "आज्जी, एकोणीस."

"मग त्यातलं येक आमच्या घरचं धर," म्हणाली, "आमच्या थोरल्यानं ऑटो काढलेला न्हाई, म्या सकाळीच बघून आलेय."

थोरला तिथंच उभा. तो खाली बघायला लागला, मग दुसरा म्हणाला एक माझं धरा, मग तिसरा, अर्ध्या तासात एकोणीसच्या एकोणीस भुतं कबूल. हसून हसून पुरेवाट.

पण मंडळी, हसणं थांबल्यावर ती आज्जीच मला म्हणाली, "तू आमास्नी चोर म्हण, पर रातच्या बाराला पोरगं मळ्यात गेलं आन पायाखाली घोणस आली तर तू यीतूस का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. ऑटो लोकांनी हौसेनं नाही लावला, रात्री वीज दिली म्हणून लावला. त्यांना अडाणी म्हणणारे साहेब मी खूप बघितले, एसी अठरावर ठेवून बोलणारे.

मग असं ठरलं, ऑटो राहू द्यायचा पण त्याला टायमर बसवायचा, मोटारी एकामागनं एक अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं उठतील. आणि एकोणीस एकदम चालवायच्याच नाहीत, निम्म्या पहाटे पाचपर्यंत, निम्म्या पाचनंतर, रोज पाळी बदलायची. पाळीची चिठ्ठी आज्जीच्या पंचांगात. तिला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तिच्याकडं ठेवली, खाडाखोड करायची भीती नाही.

ज्वारी आली त्या वर्षी. मला हुरड्याचं बोलावणं आलं, आगटीतला गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, आणि एक पैसा नाही घेतला. आता हुरडा पार्टीचं तिकीट असतं, घोड्यावर बसायचे वेगळे. जाऊ द्या.

पण गोष्ट इथं संपवली तर मी खोटा ठरेन. पुढच्या उन्हाळ्यात एकानं बोअर मारली, दहा एचपीची मोटार टाकली, उसाला. पाळी त्याला मान्य नव्हती. एप्रिलमध्ये डीपी परत जळाली. दुसरी जादा डीपी मंजूर व्हायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यात माझ्या ऑफिसच्या टेबलावर जी फाईल पडून होती तिच्यावर मी स्वतः चहाचा कप ठेवलेला आहे.

आता तीन मिनिटं राहिली म्हणून खूण करतायत, तर सुधारणांचं भराभर सांगतो.

शेतकरी म्हणतो रात्री वीज देता, बिल कशाला भरू. खातं म्हणतं बिल नाही, डीपीला पैसा कुठला. हे चक्र. त्यात शेतीच्या पुष्कळ मोटारींना मीटरच नाही, एचपीवर अंदाजे बिल, मग तारेतली गळती, शहरातली चोरी, सगळं शेतीच्या नावावर खपवता येतं. पैसा कुठनं काढायचा तर कारखान्यांना नि दुकानांना जास्त दर. मग टॉवेलचा कारखानदार छपरावर सोलर टाकतो आणि तो चांगला गिऱ्हाईकही हातचा जातो.

कायदे झाले, २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये राज्याचं वीज मंडळ मोडून निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. गुजरातनं २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीची लाईन वेगळी आणि गावाची वेगळी केली, ते मला पटतं. एप्रिल २०१८ ला देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचली असं जाहीर झालं, पण नियमाप्रमाणं दहा टक्के घरांत वीज असली की गाव विद्युतीकृत धरायचं, हेही ऐकून ठेवा.

आपल्याकडं आता शेतीच्या लाईनी सोलरवर न्यायचं चाललंय, २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा, जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. सबस्टेशनच्या जवळ प्रकल्प, दिवसा वीज. आज्जीच्या प्रश्नाचं हे पहिलं खरं उत्तर वाटतं मला. पण २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींना वीज मोफत झाली, आणि मोफतचं मला कोडं पडतं. बिल नको असेल तर नको, पण मीटर पाहिजे. प्रत्येक डीपीवर मीटर लावा, किती वीज आली, किती कुठं गेली ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पैसे मागू नका, नुसता हिशोब लिहा. डीपी ते मोटार, बाकी काही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गावात जाऊन आलो. आज्जी गेली, थोरला आता स्वतः आजोबा झालाय. सोलरची लाईन झालीय, सकाळी नऊला लाईट येते, लख्ख उजेडात. मी विचारलं, आता दिवसा वीज आहे, मग ऑटो काढले असतील? तो हसला, म्हणाला, "सवय हाय ओ साहेब." म्हटलं बरं, आणि पेटीत फ्यूजच्या जागी काय घातलंय?

तर तो म्हणतो, "चला, आधी च्या घेऊ."