अरणगावचे बाबा आणि लंडनचा गिटारवाला

[रेल्वे रूळ, येणारी मालगाडी, मागं टेकडी]

नगरहून दौंडकडं जाणारी ही रेल्वे लाइन अरणगावाजवळ मेहेराबादच्या मधून जाते. रस्त्याच्या अंगाला खालचं मेहेराबाद, रुळांपलीकडं टेकडीवर वरचं मेहेराबाद. मालगाडी आली की दर्शनाला निघालेली माणसं पिशव्या सावरत उभी राहतात. त्यांत नगरची असतात, आंध्रातून आलेली असतात, इराणी असतात, अमेरिकन असतात. डबे मोजायचा चाळा मात्र सगळ्यांनाच.

१९७२ साली इथं एक सडपातळ, लांब नाकाचा इंग्रज तरुण आला होता. पीट टाऊनशेंड. 'द हू' या लंडनच्या रॉक बँडचा गिटारवादक आणि त्यांच्या बहुतेक गाण्यांचा कर्ता. कार्यक्रमाच्या शेवटी स्टेजवरच गिटार आपटून तिचे तुकडे करणारा, म्हणून जगभर गाजलेला. तो ज्यांच्यासाठी इथवर आला ते इथले गुरू मेहेरबाबा तीन वर्षांपूर्वीच गेले होते. दोघांची भेट कधी झालीच नाही.

बीटल्स आणि महेश योगी यांची ऋषिकेशची गोष्ट आपल्याला पाठ आहे. काही आठवडे मुक्काम, झेंडूच्या माळा घातलेले फोटो, मग रुसवा. नगर जिल्ह्यातली ही गोष्ट तिच्यापेक्षा लांब पल्ल्याची आहे, आणि आमच्या मते जास्त मोलाचीही. पण नगर म्हटलं की किल्ला, चांदबिबीचा महाल आणि रणगाड्यांचं संग्रहालय, इथं आपली यादी संपते.

[पुणे कॅम्प. वाहती रहदारी, मध्ये हजरत बाबाजान यांचा दर्गा]

मेरवान शेरियार इराणी, म्हणजे पुढचे मेहेरबाबा. जन्म २५ फेब्रुवारी १८९४, पुण्यात, ससून हॉस्पिटलमध्ये. शाळा सेंट व्हिन्सेंट, मग डेक्कन कॉलेज. क्रिकेट आवडायचं, गळा गोड होता. कॅम्पात चार बावडीला कडुलिंबाखाली हजरत बाबाजान बसायच्या. वय किती ते कुणालाच सांगता येत नव्हतं, शंभरी कधीच उलटली असं लोक म्हणत. कॉलेजातला हा मुलगा सायकलवरून येता-जाता त्यांच्यापाशी थांबू लागला. एका रात्री त्यांनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्यानंतर कित्येक महिने मेरवान ना धड जेवला, ना झोपला. पोरगं हातचं गेलं, असंच घरच्यांनी धरलं.

[साकोरी]

मग साकोरीचे उपासनी महाराज. पहिल्याच भेटीत महाराजांनी दगड भिरकावला. तो लागला कपाळावर, बाबाजाननी चुंबन घेतलं होतं तिथंच, असं चरित्रांत सांगितलं आहे. शिर्डीला साईबाबा, केडगावला नारायण महाराज, नागपूरला ताजुद्दीन बाबा. मेहेरबाबांचे पाचही सद्गुरू आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. त्यात एक मुसलमान स्त्री, एक मुसलमान अवलिया, दोन ब्राह्मण, आणि साईबाबांच्या जातीधर्माचा वाद तर अजून मिटलेला नाही. शिष्य जन्मानं झरतुष्ट्री. मधल्या काळात या शिष्यानं पुण्यात वडिलांचं ताडीचं दुकानही सांभाळलं.

[खालचं मेहेराबाद. धुनी. जवळून: तुपात बुडवलेली चंदनाची काडी]

पहिल्या महायुद्धातली लष्करी छावणी उठल्यावर ही माळरानाची जागा ओस पडली होती. १९२३ मध्ये बाबा मंडळींसह इथं आले. पाऊस नव्हता म्हणून अरणगावचे शेतकरी गाऱ्हाणं घेऊन आले, बाबांनी धुनी पेटवायला सांगितली आणि पाऊस आला, अशी १९२५ ची आठवण इथं सांगतात. दर महिन्याच्या १२ तारखेला ही धुनी आजही पेटते. रांगेतला प्रत्येक जण चंदनाची बारीक काडी तुपात बुडवतो, मनातलं एखादं लटांबर तिच्यावर सोपवतो आणि काडी आगीत टाकतो. समोरचे आजोबा बघा. काडी टाकली, दोन पावलं पुढं गेले, आणि नीट जळली का ते बघायला परत वळले.

[जुनी कृष्णधवल चित्रफीत: बाबा, मांडीवर अक्षरफलक]

१० जुलै १९२५ पासून बाबांनी मौन धरलं. सुरुवातीला ते लिहून सांगत. १९२७ मध्ये लिहिणंही सोडलं आणि हा फलक आला. इंग्रजी अक्षरं, खाली आकडे. बोट केवढ्या वेगानं फिरतंय पाहा, आणि शेजारचा माणूस तितक्याच वेगानं ते वाचून दाखवतोय. प्रवचनांचं मोठं लेखन असंच, एकेका अक्षरानं झालं. १९५४ मध्ये त्यांनी फलकही बाजूला ठेवला. नंतर उरल्या नुसत्या हाताच्या खुणा. मूकपट मागं पडून हॉलिवूड बोलू लागलं होतं, त्याच सुमारास, १९३२ साली, हा न बोलणारा माणूस तिथं जाऊन आला. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या बंगल्यावर त्यांचं स्वागत झालं. हॉलिवूडची गोष्ट आली आहे म्हणून सांगितली, एरवी तिचं फारसं कौतुक नाही.

[१९६७ चं लंडन: रंगीत पोस्टरं, दुकानं]

आता पीट. १९६७ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियात माँटेरीला 'द हू'चा कार्यक्रम झाला. परतीच्या विमानात त्यानं एक जबरदस्त नशेची गोळी घेतली आणि प्रवासभर त्याची पाचावर धारण बसली. त्यानंतर एलएसडीसारख्या नशेच्या वाटेला तो गेला नाही. त्याच वर्षी माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्रानं त्याला मेहेरबाबांवरचं एक चरित्र दिलं. नशेबद्दल बाबांचं म्हणणं तेव्हा पुस्तिकेतून पाश्चात्त्य तरुणांपर्यंत पोचू लागलं होतं: अशा गोळ्यांनी शरीराचं, मनाचं आणि आत्म्याचं, तिन्हींचं नुकसान होतं. गोळी खाऊन देव दिसतो असं ज्या पिढीला सांगितलं जात होतं, तिला हे नगरहून कुणी सांगावं, यातच गंमत आहे. आणि ज्यांनी सांगितलं ते तोंडानं चकार शब्द बोलत नव्हते.

१९६८ च्या शरदात 'द हू' लंडनच्या स्टुडिओत 'टॉमी' ही तबकडी ध्वनिमुद्रित करायला बसले. एका मुलाची गोष्ट. तो ऐकत नाही, बोलत नाही, बघत नाही, आणि लोक शेवटी त्यालाच गुरू करून बसतात. काम चालू असतानाच, ३१ जानेवारी १९६९ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता, पिंपळगावजवळच्या मेहेराझादला बाबांनी देह ठेवला. मे महिन्यात 'टॉमी' बाजारात आला. श्रेयनामावलीत वादक, निर्माता, चित्रकार मॅकइनर्नी, आणि एक वेगळीच ओळ. अवतार: मेहेरबाबा.

[वरचं मेहेराबाद. समाधीचा घुमट, चार कोपऱ्यांवरची चिन्हं]

समाधीच्या छताला चार कोपरे, चार धर्मांची चिन्हं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी. आतली भित्तिचित्रं हेलन डाम या स्विस चित्रकर्तीनं तीसच्या दशकात रंगवली. बाबांचा देह इथं सात दिवस दर्शनाला ठेवला होता. बाबांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं ग्रामोफोनवर 'बिगिन द बिगीन' लावलं गेलं. कोल पोर्टरचं नाचाचं गाणं, नगरच्या माळावर, अंत्यविधीला. पीटनं पुढच्याच वर्षी बाबांच्या वाढदिवसासाठी एक तबकडी काढली, तीत हे गाणं त्यानं स्वतः गायलं आहे. तबकडी भक्तांपुरती होती, पण अमेरिकेत तिच्या चोरून काढलेल्या प्रती विकल्या जाऊ लागल्या, म्हणून १९७२ मध्ये रीतसर बाजारासाठी वेगळी तबकडी करावी लागली. तिच्यात शेवटचं गाणं 'परवरदिगार'. समाधीपाशी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात ती बाबांची प्रार्थना, इंग्रजीत, गिटारवर.

समाधीत डोकं टेकवल्यावर पीटचं काय झालं, ते त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आपण समाधी पाहू.

[निवेदन नाही. उंबरा, संगमरवर, फुलं. बाहेर आरतीचे सूर]

[नगर. एका घरातली बैठकीची खोली, कीबोर्ड]

आता 'द हू'चं एक गाजलेलं गाणं. १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या तबकडीतलं पहिलंच, 'बाबा ओ'रायली'. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क आमच्या खिशाला परवडणारे नाहीत, म्हणून नगरच्या एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवादकाला गाठलं. सुरुवातीला जी थरथरती, बुडबुड्यांसारखी धून वाजते ती ऐकून लोकांना ते सिंथेसायझर वाटतं. ते लाउरी कंपनीचं घरगुती ऑर्गन होतं. त्यात 'मरिंबा रिपीट' नावाची सोय होती. बोटं पट्ट्यांवर दाबून ठेवायची, यंत्र त्या स्वरांचे बारीक तुकडे पाडत राहतं. बोट हललं की नक्षी बदलते. पीट हे घरी बसून लांबच लांब वाजवत राहिला आणि मग टेप कापून गाण्यापुरता भाग घेतला.

पीटची कल्पना त्याहून मोठी होती. माणसाची जन्मतारीख, उंची, वजन, स्वभाव, असा सगळा तपशील यंत्राला पुरवायचा आणि त्यातून त्या माणसाचं असं संगीत निघायला हवं. पहिला तपशील बाबांचा. ती भव्य योजना फसली, गाणं मात्र उरलं.

नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. उरलेला अर्धा टेरी रायली, छोट्या स्वराकृती पुन्हा पुन्हा घोळवत नेणारा अमेरिकन रचनाकार. तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. म्हणजे नाव कुठूनही उलगडा, धागा इकडंच येतो. गाण्याच्या शब्दांत मात्र बाबा कुठंच नाहीत, त्यामुळं कित्येकांना खरं नावच ठाऊक नसतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हेच गाणं वाजलं, तेव्हा अरणगावचं नाव कुणाच्या तोंडी आलं नसणार. कीबोर्डवाले आमचे मित्रही तीन वेळा वाजवून झाल्यावर म्हणाले, "मेहेराबादचे बाबा? आपले?"

[जुने फोटो: टेम्स नदीकाठ, ट्विकनहॅम]

१९७६ मध्ये पीटनं लंडनजवळ ट्विकनहॅमला 'मेहेर बाबा ओशॅनिक' नावाचं केंद्र उघडलं. बाबांच्या चित्रफिती दाखवणं, त्यांवर काम करणं, मुक्कामाच्या खोल्या, चहापाणी. 'फेसेस' या बँडमधला रॉनी लेनही बाबांचा भक्त, १९७७ ची दोघांची एकत्र तबकडी याच स्नेहातली. पीटची दारू मात्र सुटली नाही. पुढं कोकेन आणि हेरॉइनही आलं, १९८२ मध्ये उपचार घ्यावे लागले, आणि केंद्र त्याच सुमारास बंद झालं होतं.

[अमरतिथी. मंडप, हजारो माणसं, मग घड्याळ]

३१ जानेवारी, दुपारचे बारा. सव्वाबारापर्यंत मौन. इथं आम्हीही काही बोलत नाही.

[ध्वनी नैसर्गिक. मग हळूहळू गर्दी हलते]

दर वर्षी ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी अशी ही अमरतिथी, म्हणजे बाबांची पुण्यतिथी, असते. नगर स्टेशनवरून रिक्षा मिळते, राहण्याची सोय आधी कळवून करावी लागते. गाणं ऐकलं नसेल तर १९७१ चंच ऐका, आणि शेवटपर्यंत ऐका. शेवटी वेग वाढत जातो आणि मध्येच एक व्हायोलिन घुसतं. ती कल्पना ड्रमवाल्या कीथ मूनची, वाजवणारा डेव्ह आर्बस. स्टेजवर व्हायोलिनवाला नसला की गायक रॉजर डाल्ट्री तो तुकडा माउथ ऑर्गनवर काढायचा. आमच्या श्रेयनामावलीखाली तो हार्मोनियमवर आहे.